आयर्लंडमधले लोक इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांसाठी एवढे वेडे का असतात? त्यांना आपल्या गावाचा क्लब नसतो का?

असतो. गेली अकरा वर्षं मी डब्लिनच्या फिब्झबरो भागात राहते आणि इथल्या बोहेमियन्स क्लबची सभासद आहे, म्हणून हे उत्तर लिहायला बसले. तुम्ही म्हणता की तुमच्या मित्राच्या डब्लिनच्या ऑफिसात सगळे लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड नाहीतर ग्लासगोच्या सेल्टिकबद्दलच बोलतात, आयरिश क्लबचं नावही कुणी काढत नाही. मित्राला दिसलं ते खरंच आहे. शनिवारी पहाटे डब्लिन विमानतळावर गेलात तर लाल जर्सी घातलेली अख्खी कुटुंबं सामन्याला निघालेली दिसतील. पण यावरून त्यांना आपल्या गावाचं काही वाटत नाही, असं समजू नका.

इथे पिढ्यान् पिढ्या माणसं पोटासाठी बोटीत बसून इंग्लंड-स्कॉटलंडला गेली. घरटी कुणीतरी लिव्हरपूलला, मँचेस्टरला, ग्लासगोला. सेल्टिक क्लब १८८७ मध्ये उभा केला तो स्लायगो परगण्यातल्या बॅलीमोटहून गेलेल्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी, ग्लासगोतल्या गरीब आयरिश पोरांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून. मामा ज्या गावी कामाला, त्या गावचा क्लब भाच्यांचा झाला. खेळाडूही असेच बोटीनं गेले.

माझ्या शेजारच्या आजोबांच्या घरी दारातून आत गेलं की खुंटीवर बोहेमियन्सचा लाल-काळा मफलर दिसतो आणि त्याच्या वर भिंतीवर एका तरुण खेळाडूचा कृष्णधवल फोटो, मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीतला. सुरुवातीला मला हे कोडं वाटायचं. फोटो आहे लियम व्हेलनचा. आमच्या शेजारच्या कॅब्रा वस्तीतला हा मुलगा, इथल्याच मैदानांवर खेळून युनायटेडला गेला. सप्टेंबर १९५७ मध्ये युरोपियन कपसाठी युनायटेडचा संघ डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सशी खेळायला आला आणि सामना झाला तो आमच्या बोहेमियन्सच्या मैदानावर, डॅलीमाउंट पार्कवर, म्हणजे व्हेलनच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. युनायटेडनं ६-० नं जिंकला, त्यातले दोन गोल त्याचे. आजोबा तेव्हा सात वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर बसून आलेले. पाच महिनेही झाले नाहीत तोच, ६ फेब्रुवारी १९५८ ला, म्युनिकच्या विमान अपघातात व्हेलन गेला. वय २२. कॅब्रातल्या रेल्वेवरच्या पुलाला आज त्याचं नाव आहे, मी भाजी आणायला त्याच पुलावरून जाते. आता या आजोबांना युनायटेड परका क्लब कसा म्हणायचा? तो फोटो त्यांच्या गल्लीतल्या पोराचा आहे.

गावाची म्हणून जी निष्ठा असते ती आयर्लंडमध्ये आधी मिळते जीएएला, म्हणजे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या देशी खेळांच्या संघटनेला. १८८४ मध्ये थर्लस गावात ती स्थापन झाली. तिथे क्लब निवडायचा नसतो. तुमच्या पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, तो तुमचा क्लब, आणि परगण्याचा संघ तो तुमचा संघ. मेयो परगण्यानं १९५१ नंतर गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकलेली नाही, तरी उन्हाळा आला की तिथल्या फाटकांवर हिरवे-लाल झेंडे लागतातच. १९७१ पर्यंत तर जीएएच्या सभासदाला सॉकर, म्हणजे आपलं नेहमीचं फुटबॉल, खेळायलाच काय, बघायलाही बंदी होती. त्यामुळे बऱ्याच घरांत गावाचा अभिमान गेलिक मैदानावर, सॉकरचं प्रेम टीव्हीवरच्या इंग्लिश क्लबावर, अशी वाटणी झाली आणि यांच्या मधे इथला लीग ऑफ आयर्लंडचा क्लब अडकला.

तरी तो जगला. कसा जगला ते मला तुम्हाला खरं सांगायचंय.

शॅमरॉक रोव्हर्स आमचे कट्टर प्रतिस्पर्धी, पण त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांचं मिलटाउनचं मैदान १९८७ मध्ये मालकांनी विकायला काढलं. चाहत्यांनी विरोध केला, संघ दुसऱ्या मैदानावर खेळायला लागला तेव्हा फाटकाबाहेर उभं राहून बहिष्कार घातला, तरी मैदान गेलं आणि तिथे घरं झाली. पुढची बावीस वर्षं क्लब भाडेकरूसारखा या मैदानावरून त्या मैदानावर फिरला. मधल्या काळात क्लब बुडायला आला तेव्हा चाहत्यांनीच वर्गणी काढून तो चालवायला घेतला. २००९ मध्ये टाला या उपनगरात त्यांना घर मिळालं, आणि २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षं ते लीग जिंकले.

डेरीची गोष्ट याहून अवघड. डेरी शहर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. दंगलींच्या काळात ब्रँडीवेल मैदानावर यायला बाकीचे संघ तयार होईनात, म्हणून डेरी सिटीला आपले ‘घरचे’ सामने पन्नासेक किलोमीटरवरच्या कोलरेनमध्ये खेळावे लागले. शेवटी १९७२ मध्ये क्लबनं उत्तर आयर्लंडची लीग सोडली. तेरा वर्षं त्या शहराला वरच्या दर्जाचं फुटबॉलच नव्हतं. १९८५ मध्ये त्यांना सीमेपलीकडच्या, म्हणजे आमच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि १९८८-८९ च्या हंगामात त्यांनी लीग आणि दोन्ही कप उचलले. एका शहरानं आपला संघ राहावा म्हणून देशाची सीमा ओलांडली, याहून मोठी स्थानिक निष्ठा मी तरी पाहिलेली नाही.

आमच्या बोहेमियन्सचा मालक कुणी शेठ नाही. १८९० पासून हा क्लब सभासदांचाच आहे. २०२० च्या जर्सीवर ‘निर्वासितांचं स्वागत आहे’ असं छापलं होतं. परदेशातून इथे आलेल्या बाईला ती जर्सी घालून रस्त्यानं चालताना काय वाटतं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडे पेठेपेठेची, तालमीतालमीची फुटबॉल टीम असते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. वर्ल्ड कपला ब्राझील-अर्जेंटिनाचे कटआउट लावणारी तीच पोरं हंगामात ‘शिवाजी’ आणि ‘पाटाकडील’ यांच्यावरून महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात विसंगती आहे असं तिथे कुणाला कधी वाटलं नाही, म्हणून इथल्या दुहेरी निष्ठेनं मीही फार काळ गोंधळले नाही. माझे दोन्ही भाऊ शाहू स्टेडियमवर जायचे. मला सामना कळायचा तो ते घरी येऊन सांगतील तेवढाच.

इथे इंग्लिश क्लबच्या चाहत्यांना ‘बारस्टूलर’ म्हणतात, बारच्या स्टुलावर बसून निष्ठा दाखवणारे. पहिली काही वर्षं मीही हा शब्द वापरायचे. आता वापरत नाही, त्या फोटोमुळे. पण तुमच्या मित्राला एवढं जरूर सांगा: इथल्या लीगचे सामने शुक्रवारी संध्याकाळी असतात, हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चपासून शरद ऋतू संपेपर्यंत. ऑफिसातल्या त्या युनायटेडवाल्याला सोबत घेऊन एकदा मैदानावर जा. आमच्याकडे याल तर अरुंद बोळातून आत शिरावं लागतं, बोळ संपता संपता दिव्यांचे जुने मनोरे अंगावर येतात, आणि पहिल्याच सामन्यात शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला कुठला खेळाडू कुठल्या गल्लीतला ते सांगायला लागतो.

आजोबांना आता गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. सामना संपला की मी आधी त्यांच्या दारात थांबते. गेल्या वेळी पाऊस होता, छत्री मिटते न मिटते तोच त्यांनी विचारलं, “माणसं किती होती?” मग स्कोअर विचारला.