फाईल गिऱ्हाइकाची, पण छापले कोणी?

प्रश्न: मी सांगलीत घरच्या घरी कटर आणि हीट प्रेसवर टी-शर्टवर व्हिनाइल लावून देते. एका स्पर्धेच्या आयोजकाने पाठवलेल्या फाईलवरून नामवंत क्रिकेट संघाचे बोधचिन्ह 60 जर्सींवर लावले. चिन्हाशेजारचे वर्तुळातले बारीक 'आर' व्हिनाइल सोलताना तुटत होते, म्हणून फाईलमधून काढले. आता मालक कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे: 15 दिवसांत दोन लाख रुपये द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा. 18 जर्सी अजून घरात आहेत. कापड आणि फाईल गिऱ्हाइकाची असताना दोष माझा कसा?

उत्तर: व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 29 नुसार दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह परवानगीशिवाय मालावर लावणे हाच त्या चिन्हाचा वापर ठरतो, त्यामुळे फाईल कोणी पाठवली यावरून आपली दिवाणी जबाबदारी टळत नाही. फौजदारी बाजूने कलम 103 मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. दुसऱ्यासाठी मजुरीने चिन्हे लावून देणाऱ्याला कलम 112 मध्ये बचाव आहे खरा, परंतु त्यासाठी आपण वाजवी काळजी घेतली होती, चिन्हाच्या खरेपणाविषयी संशयाला कारण नव्हते आणि मागणी होताच काम देणाऱ्याची माहिती दिली, हे सिद्ध करावे लागते.

येथेच ते इवलेसे 'आर', म्हणजे चिन्ह नोंदणीकृत असल्याची खूण, आडवे येते. चिन्ह नोंदणीकृत असल्याचे ठाऊक नव्हते आणि कळताच वापर थांबवला, असे दाखवणाऱ्याला कलम 135 नाममात्र रकमेपलीकडच्या भरपाईतून वगळते. पण नोंदणीची खूण आपण स्वतःच्या हाताने पुसल्यावर 'ठाऊक नव्हते' असे लिहून देऊ नये. ते खोटे ठरेल आणि उरलेली पतही जाईल.

नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि त्यातील दोन लाख हा केवळ मागणीचा आकडा आहे. दावा झालाच, तर तो जिल्हा न्यायालयाखालील न्यायालयात चालत नाही, आणि वादीला नुकसानभरपाई किंवा या कामातून आपण मिळवलेल्या नफ्याचा हिशेब यांपैकी एकच मागता येते. आपली मजुरी, व्हिनाइलचा खर्च आणि 60 हा आकडा दाखवणारे बिल म्हणूनच फार मोलाचे आहे.

हमीपत्र आहे तसे मुळीच सही करू नका. त्यात बहुधा संपूर्ण दोषाची कबुली असते. मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर देऊन नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा, काम नोटीस मिळाली त्याच दिवशी थांबवल्याचे कळवा, आयोजकाचे नाव द्या आणि कबुलीशिवाय 'पुढे हे चिन्ह लावणार नाही' एवढीच हमी देऊ करा. उरलेल्या 18 जर्सी आयोजकाला परत देऊ नका, जाळूही नका. फाईल आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नका. खर्चासाठी उद्या आयोजकाकडे मागणी करायची झाल्यास पुरावा तोच आहे. बोधचिन्ह हे कलाकृती म्हणून प्रतिलिपी अधिकारातही (कॉपीराइट) मोडते आणि त्या कायद्याच्या कलम 63 चा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे, तेव्हा उत्तराला उशीर नको.

पाठीवर गावातल्या पोरांची नावे आणि क्रमांक लावण्याचे काम मात्र निर्धास्त चालू ठेवा.