नोंदणी अडली असताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी.ची नोंदणी रखडली म्हणून तू कामच थांबवलंस, हे कळल्यापासून मेरी व्हाइटन कॅल्किन्स यांच्याविषयी तुला लिहायचं मनात होतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष, १९०५, एवढंच आपण पाठ करतो.

बाई अमेरिकेतल्या वेलस्ली या बायकांच्या कॉलेजात ग्रीक शिकवायच्या. कॉलेजला मानसशास्त्र सुरू करायचं होतं, म्हणून त्या तो विषय शिकायला निघाल्या. हार्वर्ड तेव्हा बायकांना प्रवेश देत नसे. अर्जविनंत्या झाल्यावर १८९० मध्ये नुसतं वर्गात बसायची मुभा मिळाली. तिथले मानसशास्त्राचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी गळाले आणि बाई एकट्याच त्यांच्यापुढे बसून शिकल्या. १८९१ मध्ये त्यांनी वेलस्लीत प्रयोगशाळाही उभी केली.

पुढे हार्वर्डला मानसशास्त्रज्ञ म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी रचलेला प्रयोग मात्र बारकाईने वाच, तुझा विषयही स्मृतीच आहे. एक रंग आणि एक अंक अशा जोड्या दाखवायच्या, नंतर नुसता रंग दाखवून अंक विचारायचा. कोणती जोडी लक्षात राहते? ठळक दिसलेली, शेवटी पाहिलेली, की पुन्हा पुन्हा आलेली? पुन्हा पुन्हा आलेली सरस ठरली. किती साधी मांडणी! जोड्यांची ही पद्धत आजही वापरात आहे.

१८९५ मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी त्यांची परीक्षा घेतली, पदवीला त्या सर्वस्वी पात्र आहेत असं सांगितलं. विद्यापीठाने पदवी नाकारली. १९०२ मध्ये रॅडक्लिफची, म्हणजे हार्वर्डला जोडलेल्या बायकांच्या कॉलेजची पदवी देऊ केली, तेव्हा बाईंनीच ती घेतली नाही. काम हार्वर्डमध्ये झालं होतं. हा नकार मला फार मोठा वाटतो. तरी तू तसं करू नकोस. तुला नोकरीसाठी पदवी लागणार आहे आणि ती तुझ्या हक्काची आहे. १९३० मध्ये बाई गेल्या, तोवर हार्वर्डने पदवी दिली नाही. त्या थोर होत्या म्हणून हा अन्याय लहान होत नाही.

तेव्हा अर्ज करत राहा, प्रत्येक अर्जाची पोच घे. नीतिसमितीची मंजुरी येईपर्यंत कुणावर प्रयोग करायचा नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण वाचन, प्रयोगाचा आराखडा, मराठी शब्दांच्या जोड्या निवडणं, कोणता शब्द किती वापरात आहे ते तपासणं, याला कुणाची सही लागत नाही. पहिली यादी तयार झाली की पाठव, मी तपासून देते.

तुझी,
मॅडम