गावातलं जुनं मातीचं घर घेताय? मग हे पाहून घ्या

भाऊ, घर आवडलं म्हणून लगेच टोकन देऊन बसू नका बरं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात पण तो टॅक्सचा कागद, मालकीचा नाही. सरकारच्या स्वामित्व योजनेत (गावठाणातल्या घरांची मोजणी) प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीचा कागद, निघालं असेल तर ते मागा, अन् वडिलोपार्जित असेल तर लग्न झालेल्या बहिणींच्याही सह्या पाहिजेच, "त्या काही म्हणत नाहीत" असं कोणी म्हटलं की तिथंच थांबा.

आता घर. सागवानी मयाल (छताची आडवी तुळई) जिथं भिंतीत घुसते तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून पहा, पिठासारखा भुगा पडला तर लाकडाला कीड लागली समजा, वरून रंग कितीही चकाचक असो. काळ्या मातीवरच्या घराच्या भिंतींना बारीक भेगा पडतातच, जमीन पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, पण कोपऱ्यातून तिरपी रुंद होत गेलेली भेग म्हणजे पाया खचला.

मिस्त्री सिमेंट प्लॅस्टर मारू म्हणेल, ऐकू नका, ओल आत कोंडते अन् माती सुटते. गव्हांडा (गव्हाचा भुसा) घालून मातीचंच लिंपण करा. कवेलू (छपरावरची कौलं) तर माकडं फोडतातच, दरसाल मिरगाआधी फेरावे (काढून पुन्हा रचावे) लागतात, फेरणारा माणूस गावात उरला आहे का ते आधी विचारा. टिन टाकाल तर मे महिन्यात आत बसवणार नाही.