निवेदनावर सही करू का?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात एक निवेदन फिरतंय. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला सरकारने कधीही मान्यता देऊ नये, असं त्यात लिहिलंय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिली आहे. माझा मुलगा पुण्यात नऊ वर्षं मित्रासोबत राहतो. ते काय आहे ते मला ठाऊक आहे, मंडळात कुणाला नाही. मी माळकरी, पंधरा वर्षं वारी करते. सही केली तर पोराशी दगा, नाही केली तर धर्माशी. काय करू?
— एक आई, फलटण

उत्तर : ताई, सही करू नका. आणि माळही उतरवू नका.

हे निवेदन ज्या लग्नाविरुद्ध आहे, ते मंडपातलं लग्न नव्हेच. 2023 साली अशा लग्नांना मान्यता देण्याच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने धर्मांच्या विवाहकायद्यांना हात न लावता मुख्यतः 1954 च्या विशेष विवाह कायद्यापुरता विचार केला. या कायद्याखालची लग्नं मी वकील म्हणून कितीतरी लावून दिली. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. ना सप्तपदी, ना निकाह. तिथे उद्या दोन पुरुषांनी सह्या केल्या, तरी तुमच्या विठ्ठलाच्या देवळात कुणाला अक्षता टाकाव्या लागणार नाहीत. न्यायालयाने ती मान्यता दिली नाही, निर्णय संसदेवर सोडला. म्हणून तर आता निवेदनं फिरतात आणि तुमच्या सहीला वजन आहे.

त्या वजनाने काय होतं तेही सांगते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं कलम 377 इंग्रजांनी 1860 साली आणलं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, तेव्हा विरोधात सर्वोच्च न्यायालयात एक ज्योतिषी गेले, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड गेलं, चर्चची एक संघटनाही गेली. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं! डिसेंबर 2013 मध्ये ते जिंकले. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच तो निकाल फिरवेपर्यंत, पावणेपाच वर्षं, तुमचा मुलगा कायद्याच्या लेखी गुन्हेगार होता. त्याने कुणाचं काय घेतलं होतं?

तुम्ही एकादशी करता म्हणून शेजारच्या घरी चूल पेटू नये, असा अर्ज तुम्ही कधी तहसीलदाराला दिला नाहीत. उपास तुमचा, चूल त्यांची. राज्याने दोन्ही सांभाळायचं.

माझे दोन अशील बावीस वर्षं एका घरात राहत होते. एकाला हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाने संमतीपत्रावर ‘नातेवाइकाची’ सही मागितली. बहीण लातूरहून येईपर्यंत सात तास गेले. दुसरा तेवढा वेळ बाकावर बसून होता, हातात त्याचा चष्मा घेऊन. तो वाचला, पण ते सात तास माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मंडळात कारण सांगायची गरज नाही. ‘मला पटत नाही’ एवढंच म्हणा. मुलाचं गुपित त्याचं आहे, ते तुम्ही फोडू नका.

मुलासाठी मात्र एक करा. तो कायद्याने अविवाहित आहे, त्यामुळे त्याच्या पश्चात पहिली वारस तुम्ही, तो मित्र कुणीच नाही. त्याला मृत्युपत्र करायला सांगा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक तुम्ही करा.