पक्ष्यांच्या फोटोंत स्वतःची शैली कशी आणायची? सगळ्यांचे फोटो सारखेच का दिसतात?

सारखे दिसतात, कारण पक्षी येऊन बसतो त्या एकाच काडीसमोर बसून सगळे काढतात. थोडं वाईट मनानंच म्हणतोय.

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाता, फोटो शार्प येतात, पण ग्रुपवर टाकले की कुणाचा कुठला ते कळत नाही. 600 मिमीची प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली तर फरक पडेल का? नाही पडणार. पैसे वाचवा.

मागे नाशिकमधल्याच एका प्रदर्शनाला मी नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचा एक फोटो दिला होता. जानेवारीतली सकाळ, निफाडची थंडी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. चापडगावच्या बाजूला धुकं इतकं की पलीकडचा ऊस दिसत नव्हता. बाकीची मंडळी मनोऱ्यावर चहा पीत धुकं उठायची वाट बघत होती. मी खाली पाणवेलींच्या कडेला ओल्या गवतात आडवा झालो होतो, कारण मनोऱ्यावरून काढलेला पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो, हे माझं जुनं दुखणं आहे. समोर वारकऱ्यांचा, म्हणजे पांढऱ्या चोचीच्या काळ्या पाणपक्ष्यांचा (कूट), मोठा थवा चरत होता. एकाएकी ते सगळे आखडून एकमेकांना चिकटले. मान वर केली तर मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, अगदी खालून, पाणकणसांना घासून येत होता. बदकं केव्हाच उडाली. वारकऱ्यांना तसं जागच्या जागी उठता येत नाही, त्यांना आधी पाण्यावर पळावं लागतं. सगळा थवा पाय आपटत निघाला आणि चपचप असा एकच आवाज झाला.

शटर मी आधीच 1/30 सेकंदावर आणून ठेवलं होतं, मुद्दाम, म्हणजे हालचाल फोटोत ओढल्यासारखी उमटते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, आणि एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजळ, कारण कॅमेऱ्याच्या मीटरला धुकं करडं करायची खोड असते. थव्याबरोबर कॅमेरा फिरवत गेलो. फोटोत काय आलं, तर पांढऱ्यावर काळे ओघळ, मधूनच एखादी स्वच्छ पांढरी चोच, पायांमागे पाण्याच्या फुटक्या रेघा, आणि वर डावीकडे हॅरियरचा नुसता एक तिरका फराटा. बायको म्हणाली, ‘हे काय, शाई सांडली का?’ मला ते कौतुकच वाटलं.

परीक्षक म्हणाले, ‘डोळा कुठाय?’ एवढंच. पुढच्या फोटोकडे गेले. पहिलं बक्षीस मिळालं चोचीत मासा धरलेल्या खंड्याला. शेवाळलेली काडी, मागे लोण्यासारखा हिरवा पडदा, डोळ्यात चमक. ती काडी मी ओळखतो. तिच्याखाली टबात मासे सोडलेले असतात, सकाळचं बुकिंग असतं, आणि निम्म्या शहराच्या संग्रहात तोच खंड्या त्याच काडीवर बसलेला आहे.

नंतर चहाच्या वेळी मी परीक्षकांना गाठलंच. म्हटलं, लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत प्राणी आपल्या परिसरात कसा दिसतो यासाठी वेगळा गटच आहे, तिथे कुणी डोळा मोजत बसत नाही. यावर गृहस्थ हसून म्हणाले, ‘त्याच गटातला बक्षीस मिळालेला मुंगीखाऊ पेंढा भरलेला निघाला होता ना?’ चारचौघांत हशा झाला आणि विषय संपला. तेव्हा सुचलं नाही, आता लिहितो. हो, 2017 च्या स्पर्धेतला तो फोटो 2018 मध्ये बाद केला. पण तो लबाडीसाठी बाद झाला, मुंगीखाऊ लहान दिसतो किंवा डोळा सापडत नाही म्हणून नव्हे. आणि लबाडीचाच हिशेब करायचा असेल तर टबातल्या माशांपासून सुरुवात करू.

तर शैली. ती लेन्सच्या दुकानात मिळत नाही आणि लाइटरूमसारख्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तयार प्रीसेटमध्ये तर नाहीच. जुनी हार्ड डिस्क काढा आणि जे फोटो ग्रुपवर टाकायची हिंमत झाली नाही, पण डिलीटही करवले नाहीत, तेवढेच वेगळे काढा. त्यांत काहीतरी पुन्हापुन्हा सापडेल. कुणाला पाठमोरे पक्षी आवडतात, कुणाला रिकामं आभाळ, कुणाला पंप हाउसच्या पाइपवर बसलेला कवड्या खंड्या. मला पक्षी चौकटीत लहान हवा असतो, भोवती त्याचं पाणी, त्याचा चिखल हवा असतो. हे कळल्यावर महिनाभर फक्त तेच काढा. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायची सवय सोडा, एखाद्या सकाळी त्याच्या समोर उभे राहा. चमचा पक्ष्याच्या (स्पूनबिल) पिसांच्या कडा उजळतात तेव्हा बाकीचा पक्षी काळा पडला तरी चालतो.

एक राहिलं. 1/30 वर बहुतेक फ्रेम कचऱ्यात जातात, आणि 1/2000 वर उडता पक्षी शार्प धरता येत नसेल तर आधी ते शिका, नाहीतर लोक हललेल्या फोटोला शैली म्हणू लागतात. पक्षीगणनेला किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदीला जोडायचा असेल तर बाजूने घेतलेला, डोळा-चोच-पंख दिसणारा साधा फोटोच द्या, तिथे माझे ओघळ कुणाच्या कामाचे नाहीत. आणि घरट्याजवळ जायचं नाही, पक्ष्याला बोलवायला त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही, मग शैली कुठलीही असो.

लेन्स 150-600 मिमीची झूम पुरेशी आहे, सेकंडहँड घेतली तरी चालेल. आडवं होऊन काढणार असाल तर ट्रायपॉडऐवजी बीन बॅग घ्या. शिंप्याकडून शिवून तिच्यात तांदूळ भरा, धुक्यात तांदूळ ओला होतो तेवढा घरी आल्यावर वाळवत जा.