लिपिडोमिक्समध्ये (सॅम्पलमधले लिपिड, म्हणजे चरबीसारखे रेणू, मोजण्याच्या कामात) नवीन आहेस? आधी सॅम्पल सांभाळ

मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) नंतर शिकशील रे, आधी रक्त कसं गोळा होतंय ते बघ. सगळ्यांचं उपाशीपोटी, एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये, लगेच बर्फावर आणि प्लाझ्मा वेगळा करून उणे 80 ला, कारण बाहेर पडून राहिलं की एन्झाइम चालूच राहतात, एलपीएसारखे (लायसोफॉस्फॅटिडिक अ‍ॅसिड) लिपिड वाढतात आणि तू म्हणणार बायोमार्कर (आजाराची रक्तातली खूण) सापडला! (जेवून आलेल्याचे ट्रायग्लिसराइड तर विचारूच नको.) पेशंट आणि कंट्रोल वेगवेगळ्या दिवशी रन करू नकोस, मिसळून लाव, मध्येमध्ये पूल्ड क्यूसी (सगळ्या सॅम्पलचा थोडा थोडा भाग मिसळून केलेलं तपासणीचं सॅम्पल) टाक. इंटर्नल स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणातले तुलनेचे लिपिड) एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे सॅम्पलमधून लिपिड वेगळे काढण्याच्या, आधीच घाल. आणि पीसी 34:1 (फॉस्फॅटिडिलकोलीन, त्याच्या दोन फॅटी अ‍ॅसिडचे मिळून 34 कार्बन अन् 1 दुहेरी बंध) दिसला की लगेच 16:0 अन् 18:1 असं लिहून मोकळा होऊ नकोस, एमएस-एमएसमध्ये (रेणू फोडून तुकड्यांचं वजन बघतात त्यात) त्या फॅटी अ‍ॅसिडचे तुकडे दिसले तरच लिही, 16:1 अन् 18:0 चं वजनही तेवढंच भरतं.