प्रवर्तन म्हणजे ईडी नव्हे हो!

प्रश्न असा आलाय: मुलीच्या दहावीच्या विज्ञानात 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' (इंग्रजीत इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन, म्हणजे चुंबकाचा प्रभाव बदलून तारेत वीज निर्माण होणं) लिहिलंय, पण प्रवर्तन म्हणजे तर ईडीवाले ना, मग 'प्रेरण' जास्त बरोबर नाही का? आणि जाता जाता, सेलचा (म्हणजे विजेला त्याच्या आतच होणारा अडथळा) 'अंतर्गत रोध' म्हणायचं की 'आंतरिक प्रतिरोध'?

आधी ईडीचं मिटवतो, कारण टीव्हीवर रोज ऐकून कान किटलेत. 'प्रवर्तन निदेशालय' ही हिंदी पाटी आहे. मराठीत सक्तवसुली संचालनालय किंवा अंमलबजावणी संचालनालय असे दोन दोन शब्द आयते पडलेत, तरी बातम्या देणारे हिंदीतली पट्टी उचलून तशीच वाचतात आणि मग दहावीच्या पोरांना वाटतं की चुंबकावर धाड पडलीये.

'प्रेरण' पण हिंदीतलंच. तिथे ते खुशाल असू दे, मराठीत अडचण अशी की आपल्याकडे जुन्या विज्ञानलेखनात फोर्सला 'प्रेरणा' म्हणायचे, विश्वकोशात 'विद्युत् चालक प्रेरणा' असा शब्द सापडेल, म्हणजे सेलचा ईएमएफ, वीज ढकलणारा त्याचा जोर. एकाच धड्यात एक प्रेरणा आणि एक प्रेरण आलं तर मुलीने काय करायचं?

आता खरी मजा. प्रवर्तन म्हणजे प्र अधिक वृत् हा संस्कृत धातू (लोखंड-तांबं नव्हे, क्रियापदाचं मूळ). वृत् म्हणजे फिरणं, वळत राहणं. ह्या एका धातूने मराठीत काय काय पेरून ठेवलंय बघा: वर्तुळ त्याचंच, वाटोळं त्याचंच (आधी नुसतं गोल, नंतर सत्यानाश), चालायची वाट वर्त्मन् वरून आली म्हणजे तीही त्याचीच, आणि देवापुढची वात म्हणजे वर्ति, पीळ देऊन गुंडाळलेली ती. बत्ती हे त्याच वर्तीचं हिंदीकडून आलेलं रूप. म्हणजे बटण दाबून बत्ती लागते तेव्हा जी वीज येते ती प्रवर्तनाने तयार झालेली, आणि बत्तीही वृत् चीच लेक! मला हे सुचलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो. (वळणे मात्र ह्यात घालू नका, ते वल् धातूचं, तिथे बरेच जण घसरतात.) एसी करंटला पुस्तकात 'प्रत्यावर्ती धारा' म्हणतात, उलटसुलट फिरणारी, तिथेही वृत् बसलाय.

आमच्या ओळखीचे एक संस्कृतचे निवृत्त मास्तर म्हणतात की प्रवर्तन म्हणजे नुसतं 'सुरू करणं', चाकाबिकाचा संबंध तू ओढूनताणून आणतोस. मास्तर, तुम्ही 'निवृत्त' आहात त्यातसुद्धा वृत् आहे, तेवढं तरी मान्य करा. आणि चाक मी नाही आणलं, दीक्षाभूमीवर जाणाऱ्या कुणालाही विचारा धम्मचक्रप्रवर्तन म्हणजे काय, तर चक्र फिरतं करणं. 14 ऑक्टोबर 1956 पासून हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी आहे, त्याला कोशाच्या शिक्क्याची गरज नाही.

आणि हे प्रवर्तन शोधणाऱ्या फॅरेडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने केलं काय? ऑगस्ट 1831 मध्ये त्याने लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेच्या दोन गुंडाळ्या केल्या, एकीला बॅटरी जोडली, दुसरीला जोडलेल्या मीटरचा काटा हलला आणि परत शून्यावर. बॅटरी काढली, काटा उलट्या बाजूला हलला आणि परत शून्यावर. मधल्या वेळात पहिल्या गुंडाळीत प्रवाह मस्त चालू पण काटा गप्प. म्हणजे काहीतरी बदलत असेल तेवढ्यापुरतीच वीज. मग 28 ऑक्टोबरला त्याने तांब्याची तबकडी मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरून फिरवली, आणि फिरत होती तोवर धारा येत राहिली. चक्रच की हो ते! मराठीत हा शब्द ज्याने ठरवला त्याच्या डोळ्यापुढे ही तबकडी असणार, हा माझा आपला तर्क, मास्तर नाक मुरडोत.

ज्यांना पटत नाही त्यांनी जुन्या सायकलचा डायनामो आठवावा. आमच्या काकांच्या सायकलला होता, बाटलीसारखा, सहा व्होल्ट तीन वॉटचा. खटका ओढून टायरला टेकवला की पायडल जड, दिवा मिणमिणता, उतारावर एकदम लख्ख, आणि गाडी थांबली की गुडुप अंधार. आत चुंबक फिरतो, गुंडाळी जागची हलत नाही. तो जडपणा नुसत्या घासण्याचा नव्हता बरं का, दिव्याची तार निसटली की पायडल जरा हलकं लागायचं, म्हणजे दिव्याचे पैसे पायच भरत होते.

अरे हो, तो रोध राहिलाच. 'रोध' पुरे, 'प्रति' कशाला, रुध् म्हणजेच अडवणं. आणि 'अंतर्गत' म्हणा, आंतरिक तळमळ वगैरे माणसांची असते. रिमोटमधला जुना सेल नुसता मीटरला लावला तर 1.4 व्होल्ट दाखवतो, वाटतं चांगला आहे, पण टॉर्चमध्ये टाकला की बल्ब लाल तारेइतकाच पेटतो आणि त्याच वेळी मीटर लावलात तर आकडा धाडकन खाली आलेला दिसेल. उरलेले व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च होतात, तोच अंतर्गत रोध. मुलीला आधी हे करून दाखवा, शब्द कुठला ते नंतर बघू.